जहाजावर निघालात, तर एवढं ऐकून ठेवा

बापू, मुंबईहून जहाजानं गोव्याला जायचं तुम्ही घरच्यांनी मनावर घेतलंय, तर आधी तारीख ठरवा, आणि ती तिकिटाच्या भावावरून ठरवू नका. शेत आणि समुद्र दोन्ही निवांत कधी असतात ते पाहा. जून ते सप्टेंबर समुद्राचं नाव काढू नये. कोकणातले मच्छीमार, ज्यांचा जन्म पाण्यावर गेला, तेसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. दिवाळीच्या सुटीत भाडं चढलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे सोयाबीन घरात यायचं असतं, हरभऱ्याची पेरणी डोक्यावर असते, सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा निघत असतो. घरधनी डेकवर उभा राहून मजूर मिळाले का म्हणून फोन लावत बसला, तर त्याचीही सुटी गेली आणि सोबतच्यांचीही. माझं मत विचाराल तर हरभरा घरी आल्यावर, पोरांची परीक्षा आटोपली की एप्रिलच्या शेवटी निघा. इकडे ऊन चाळिशीपार गेलेलं असतं, तिकडे समुद्र बहुतेक शांत असतो. मेच्या मध्यावर मात्र जाऊ नका. अरबी समुद्रात पावसाळ्याआधीची वादळं त्याच सुमारास उठतात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते मुंबईजवळून गेलं, ते तुम्हाला आठवत असेल.

आता मनातली गोष्ट सांगते. आपल्याकडे घर सहलीला निघालं की स्वयंपाकघरही सोबत निघतं. शेगावला जा, माहूरला जा, चिखलदऱ्याला जा, पहाटे उठून पुऱ्या लाटणारी बाईच असते. गाडीत डबे उघडणारी, उरलेलं बांधणारी, खरकटं पुसणारीही तीच. जहाजावर घरची बाई सकाळी उठते आणि आज भाजी काय करायची असं तिला कुणी विचारत नाही. अंथरूण दुसरा घालतो, चहा दुसरा ओततो, भांडी तिच्या नजरेलाही पडत नाहीत. बापू, तुझ्या आईचा उभा जन्म चुलीपुढे गेला. ही सुटी तिची आणि सूनबाईची झाली पाहिजे, आणि ती तशी होणार की नाही हे जहाजावर ठरत नाही, घरी ठरतं. औषधं कोण भरणार, कागद कुणाकडे राहणार, पोरांमागे कुणी कधी धावायचं, हे आपल्या गावी, भातकुलीत बसूनच वाटून घ्या. वाटणीत तुझा हिस्सा मोठा ठेव.

पहिल्या खेपेला दोन किंवा तीन रात्रींचीच फेरी घ्या. आठवड्याच्या फेरीचा मोह नको. घरात कुणाला समुद्र मानवतो आणि कुणाला नाही, हे कळायला दोन रात्री पुरतात. कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून फेऱ्या करतं. गोवा, कोची, लक्षद्वीप असे त्याचे मार्ग. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, २११ मीटर लांब जहाज आहे. सिंगापूरहून सुटणारी याहून कितीतरी मोठी जहाजं आहेत, पण त्यांना पासपोर्ट लागतो, विमान लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाचा जीव त्या धावपळीतच थकतो. पहिली वेळ आपल्याच किनाऱ्यानं करावी. देशातल्या देशात सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. आधार कार्ड न्या, पॅन कार्डावर भिस्त ठेवू नका. तिकिटावरचं नाव कार्डावरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडच्या बायकांच्या कार्डावर माहेरचं नाव असतं आणि तिकीट काढणारा सासरचं लिहून मोकळा होतो. तुझ्या आईचं कार्ड आजच काढून पाहा.

भाड्याचा जो आकडा जाहिरातीत दिसतो तो माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघे धरून. त्यावर कर येतो, बंदराचं शुल्क येतं, सेवेचे पैसे येतात. सगळं मिळून किती, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नका. जेवण बहुधा भाड्यात असतं. पण दारू, थंड पेयं, फोटो, मसाज, इंटरनेट, डॉक्टर यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं जे कार्ड देतात त्याच्यावरच सगळं मांडलं जातं, म्हणून पोरांच्या कार्डावर खर्च बंद ठेवायला पहिल्याच दिवशी सांगा. रोज रात्री झोपण्याआधी हिशेब पाहून घ्या. शेवटच्या सकाळी खिडकीपाशी रांग असते, तेव्हा भांडायला वेळ मिळत नाही.

खोलीचं नीट ऐका. खिडकीची खोली महाग, आतली स्वस्त. पण महाग-स्वस्त याहून ती जहाजाच्या कुठल्या भागात आहे याला जास्त किंमत आहे. जहाज टोकांना जास्त हलतं, मधोमध आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी. तुझ्या आईची खोली मधोमध हवी आणि लिफ्टजवळ हवी. चौघांच्या खोलीत वरचे दोन पलंग भिंतीतून खाली ओढायचे असतात, शिडीनं चढायचं असतं. तिथे पोरंच झोपू शकतात. न्हाणीघराच्या दाराला चांगला उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्रीच्या अंधारात म्हातारी माणसं हमखास तिथेच अडखळतात. न्हाणीतला दिवा रात्रभर चालू ठेवा, दार थोडं उघडं ठेवा. संडास खुर्चीचा असतो आणि बटण दाबलं की हवेनं ओढून घेतो. आवाज एवढा मोठा येतो की पहिल्यांदा माणूस दचकतो. आईला आधीच दाखवून द्या. त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, तुंबलं तर शेजारच्या खोल्यांचीही अडचण होते. डेकवर उघडणारी दारं जड असतात आणि वाऱ्यानं जोरात आपटतात. लहानग्याची बोटं सांभाळा.

एक कळकळीची विनंती. नातवंडं आजीच्या खोलीत आणि तुम्ही दोघं वेगळ्या, असं परस्पर ठरवू नका. तिला हौस असेल तर ती स्वतः म्हणेल.

मुंबईला जहाज सुटायच्या आदल्या दिवशी पोचा. अमरावतीहून निघणारी अंबा एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि जहाजावर दुपारी चढायचं असतं, म्हणून माणसाला वाटतं वेळ भरपूर आहे. गाडी रखडली तर जहाज थांबत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. एक रात्र ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे काढा, म्हातारं माणूस झोपून ताजं होतं. आता अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून विमानही आहे, पण ते रोज नसतं, म्हणून वार पाहा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं आणि जहाजाचं तिकीट तुम्ही त्याच्या कितीतरी आधी काढलेलं असेल. तो साठावा दिवस कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करून ठेवा. जहाज बॅलार्ड पिअरला लागतं, सीएसएमटीपासून टॅक्सीला फार वेळ लागत नाही. तिथल्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झालं. कुठल्या गेटातून जायचं ते तिकिटावर लिहिलेलं असतं, टॅक्सीवाल्याला तेच दाखवा.

मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत पोचायला संध्याकाळ होते. मधल्या वेळात लागणारं सगळं हातातल्या पिशवीत असू द्या: रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, पोरांचे पोहायचे कपडे, एक जोड, कागद. औषधं मोठ्या बॅगेत कधीही टाकायची नाहीत. इस्त्री, पाणी तापवायची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटी यांतलं काहीच चढू देत नाहीत. भर समुद्रात आगीसारखं दुसरं संकट नाही, तिथे कडक राहिलंच पाहिजे. तुझी आई रोज निरंजन लावते. तिला सांग, देवाची तसबीर ने, हात जोड, दिवा घरी शेजारीण लावेल. घरचं शिजवलेलं अन्नही बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, तेव्हा ठेच्याची बाटली आणि भाकरी बांधू नका. सोनं घरी ठेवा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल हवी, आणि साडीला पिना जास्त लावा. डेकवरचा वारा पदराला जागेवर राहू देत नाही.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षेच्या कवायतीचं. पोरांचं लक्ष जलतरण तलावाकडे आणि मोठ्यांचं जेवणाकडे असतं, म्हणून हे मी ठासून सांगते. प्रत्येक खोलीला जमण्याची जागा नेमून दिलेली असते, दाराच्या आतल्या बाजूला ती लिहिलेली असते. भोंग्याचे सात आखूड आवाज आणि एक लांब, म्हणजे ताबडतोब तिथे जायचं. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे मोठं जहाज खडकाला घासून आडवं झालं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला आणि सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत घ्यायची असं ठरलं. आपल्याकडचं दुःख त्याहून जुनं आहे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, कोकणात आजही तिची आठवण काढतात. मी घाबरवत नाही. आजचं जहाज आणि त्या वेळची बोट यांची बरोबरी होत नाही. पण कवायतीला कंटाळू नका. खोलीतून त्या जागेपर्यंत लिफ्ट न वापरता, जिन्यानं एकदा सगळ्यांना घेऊन चाला. पोरांच्या मापाची जीवरक्षक जाकिटं वेगळी असतात, ती मागून घ्या आणि एकदा अंगावर घालून बंद कसे लावायचे ते त्यांनाच करू द्या. शिट्टी जाकिटालाच बांधलेली असते. ती पोरं वाजवतीलच. वाजवू द्या, सापडली पाहिजे ना!

यापुढचं माझं नाही, माझ्या सासूबाईंचं आहे. त्यांनी जहाज पाहिलं नव्हतं. त्या पौषातल्या रविवारी ऋणमोचनच्या जत्रेला घर घेऊन जात, पूर्णेच्या त्या घाटावर, जिथे गाडगेबाबांनी हाती झाडू घेऊन कामाला सुरुवात केली. बैलगाडी, म्हातारे, तान्ही पोरं, आणि जिकडे पाहावं तिकडे माणसं. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत घालून त्या सगळ्यांना तीन गोष्टी सांगत. पहिली, "निंगाच्या आंधी वापस याचं पाहून ठेवजो." दुसरी, "कोनी हरपलं तं हुडकत फिरू नोको, ठरल्या जागी येऊन उभा राहाजो." आणि तिसरी, "ज्याले चालनं होत नाही, त्याच्या चालीनं चालजो." जहाजालाही मी तीच तीन सूत्रं लावते. दुसऱ्या सूत्राचं पाहा: समुद्रात फोन लागत नाही, दहा-अकरा मजले असतात, प्रत्येक मजल्याचा बोळ सारखाच दिसतो. चढल्याबरोबर एक जागा ठरवा, मधल्या जिन्याखालचा चौक किंवा तलावाजवळची एखादी खुर्ची, आणि ठरावीक वेळी तिथे येऊन एकमेकांना तोंड दाखवायचं. खोलीचा क्रमांक लहानग्याला गाण्यासारखा पाठ करून घ्या. तलावावर पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारा माणूस असेलच असं धरून चालू नका; तुमच्यापैकी एकानं तिथे बसायचं, मोबाइल बाजूला ठेवून.

तिसरं सूत्र दिवसभराच्या कार्यक्रमाला लावा. रोज संध्याकाळी खोलीत दुसऱ्या दिवसाचा कागद येतो: जादूचे प्रयोग, नाच, खेळ, सिनेमा. सगळं पाहायचं म्हणाल तर पाय मोडतील. घरातल्या प्रत्येकानं आपल्या आवडीचं एकेक निवडावं आणि बाकीचं सोडून द्यावं. सगळ्यांनी सगळं मिळून करायचा हट्ट नको. रात्रीचं जेवण तेवढं एका टेबलाला, त्यात सवलत नाही.

जेवणाची भीती बाळगू नका. शाकाहारी, जैन जेवण मिळतं, पण कांदा-लसूण नको असेल, एकादशी असेल, साखरेचा आजार असेल, तर तिकीट काढतानाच लिहून द्या आणि चढल्यावर तिथल्या मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. पहिल्यांदा रिकामी ताटली घेऊन सगळी मांडणी फिरून पाहा, मग वाढून घ्या. पोरांना ताकीद द्या, ताटात टाकायचं नाही. जेवणाआधी हात साबणानं धुवा. बंद जहाजात पोटाचा विषाणू एकाला झाला की शंभरांना होतो, आणि त्यातल्या नोरोव्हायरसवर बाटलीतलं सॅनिटायझर फारसं चालत नाही.

पाण्याबद्दल पोरं विचारतीलच, म्हणून उत्तर तयार ठेवा. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. विहीर आहे पण पाणी तोंडात धरवत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, आपल्या विहिरी त्याच्यापुढे काहीच नाहीत. जहाज त्याच पाण्याचं गोडं पाणी करतं. कुठे इंजिनाच्या उष्णतेनं वाफ करून, कुठे दाबानं पडद्यातून गाळून, म्हणजे गावातल्या आरओच्याच पद्धतीनं. जहाजाचा जो माणूस माहिती द्यायला उभा असतो त्याला पोरांनी हे विचारावं. भातकुलीच्या पोरानं विचारलेला तो सगळ्यात शहाणा प्रश्न ठरेल.

मळमळ होते ती पोटामुळे होत नाही. कानाच्या आतला तोल सांगतो हलतंय, डोळे सांगतात खोली स्थिर आहे, आणि त्या भांडणात जीव कासावीस होतो. म्हणून खोलीत पडून मोबाइल पाहणं सगळ्यात वाईट. डेकवर या, मोकळ्या हवेत बसा, लांब क्षितिजावर नजर लावा. पोट रिकामं ठेवू नका आणि तडस लागेपर्यंतही खाऊ नका. आलेपाकाची वडी तोंडात असू द्या. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर ती पोटात टिकत नाही. कोणती आणि किती, ते अमरावतीच्या आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असणाऱ्यांना यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. गरोदर बाई सोबत असेल तर साधारण चोवीस आठवड्यांपुढे बहुतेक जहाजं घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालचं मूलही. ते आधी विचारून घ्या.

किनारा दिसेनासा होऊ लागला की सगळ्यांचे फोन विमानाच्या मोडवर टाका. जहाजावरचं नेटवर्क उपग्रहाचं असतं; चुकून जोडलं गेलं तर घरी आल्यावर बिल पाहून डोळे पांढरे होतात. सालदाराला, शेजाऱ्यांना, माहेरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका.

जहाज निघताना खाली बसून राहू नका. तासभर तरी सगळे वर या. दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो. कुलाब्याच्या टोकाशी १८७५ चं प्राँग्ज दीपगृह दिसतं, पुढे थळसमोर खांदेरीचा किल्ला. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला, मुंबईच्या इंग्रजांनी अडवायची शिकस्त केली आणि त्यांचं काही चाललं नाही. पोरांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं पाणी ते हेच. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही याच वाटेवर आहेत. रात्री ते दिसणार नाहीत, पण अंधारात डावीकडे दीपगृहांचे झोत दिसत राहतात. नकाशा उघडून कुठला किल्ला आता मागे पडला असेल याचा अंदाज बांधत बसणं, यात पोरांचा वेळ फार छान जातो. मावळतीला मात्र उजव्या कठड्याला जा. सूर्य थेट पाण्यात उतरतो, मध्ये झाड नाही, डोंगर नाही.

गोव्याला जहाज मुरगावला लागतं, पणजीला नाही. पणजी तिथून तासाभराचा रस्ता. इथे सासूबाईंचं पहिलं सूत्र. परत चढायची वेळ सुटण्याच्या बरीच आधी असते. ती जहाजाच्या घड्याळानं मोजतात आणि कुणासाठी थांबत नाहीत. जहाजानं नेमलेल्या गाडीला उशीर झाला तर ती जबाबदारी त्यांची. स्वतःची टॅक्सी केलीत तर तुमची. स्वतः जाणार असाल तर एकच ठिकाण धरा, मंगेशी किंवा जुन्या गोव्याचं चर्च, आणि दोन तास हातचे राखून परता. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते: तुझ्या आईला उतरायचं नसेल तर तिला उतरवू नको. बंदरात जहाज उभं असतं, हलत नाही, गर्दी खाली गेलेली असते, हव्या त्या खुर्चीत बसता येतं, वाढपी आपणहून चहा आणून देतात. सोबत सूनबाई राहिली आणि दोघी निवांत बोलत बसल्या, तर पोरांना घेऊन तू एकटा जा. तुला जमतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे, चपला आणि औषधं बाहेर काढून ठेवल्याशिवाय बॅग बंद करू नका. उतरायला सकाळचे दहा वाजले तरी घाई नको. परतीची अंबा एक्सप्रेस रात्रीची असते, म्हणून दुपारच्या गाडीच्या मागे लागू नका. सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा, पोरांना वस्तुसंग्रहालय दाखवायचं तर टॅक्सीनं जा, आईला प्रतीक्षालयात पाठ टेकू द्या. सकाळी अमरावतीला उतराल तेव्हा त्या दिवसाची भाकर-भाजी आणि रात्रीची खिचडी माझ्याकडून येईल. सूनबाईला त्या दिवशी चूल पेटवू देऊ नको.